चार फूट दोन इंच

त्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, याला नऊ वर्षे आणि चार महिने झाले होते. ‘राहून गेले’ हे जावककाका स्वतःची समजूत घालायला म्हणत. खरे तर त्यांनी उत्तर दिले नव्हते. आणि आत्ता, वनखात्याच्या कार्यालयातल्या मोठ्या दालनात, डोक्यावर पंखा खडखडत असताना आणि घोडेवाल्या बाई टेबलावर हात आपटत असताना, ते पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते आणि घडीचा कोपरा छातीला टोचत होता.

सभा नियमांची होती. डोंगरावरच्या तळ्यापर्यंत एक वाट जात होती. पायी फिरणारे तिच्यावरून जात, घोड्यावरून रपेट करणारे जात, आणि जाड टायरांच्या, दगडधोंड्यांतून चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे मालक जाऊ पाहत. कोणी केव्हा जायचे, किती वेगाने जायचे, समोरासमोर आले तर कोणी कोणाला वाट द्यायची, याचे नियम दर दहा वर्षांनी नव्याने होत. आज मसुदा ठरायचा होता, संध्याकाळी कार्यालयप्रमुख मॅडम सही करणार होत्या, आणि एकदा सही झाली की पुढची दहा वर्षे त्याला कोणी हात लावणार नव्हते.

जावककाका या कार्यालयात आवक-जावक सांभाळत. आलेले पत्र वहीत नोंदवायचे, त्याला क्रमांक द्यायचा, आणि उत्तर रवाना झाले की त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात जावक क्रमांक लिहायचा. एकोणतीस वर्षे हेच काम केल्यामुळे त्यांचे खरे नाव आता फक्त पगारपत्रकाला ठाऊक होते. आजच्या सभेत त्यांना कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहायचे होते. चार माणसांत तोंड उघडावे लागू नये, एवढीच त्यांची आयुष्याकडून मागणी असे, आणि आयुष्याने ती आजवर बऱ्यापैकी पुरवली होती.

त्यांच्या साऱ्या वह्यांमध्ये एकच रकाना कोरा होता.

त्याचे असे झाले होते. मागच्या वेळी नियम होत असताना, तेव्हाच्या साहेबांनी संध्याकाळी पाच वाजता दारातून डोके घालून विचारले होते, वाटेची रुंदी किती, मसुद्यात घालायचीय. काका त्या वाटेवर कधी गेलेच नव्हते. डोंगर त्यांना खिडकीतून माहीत होता. त्यांनी नाक्यावरच्या पहारेकऱ्याला फोन लावला. पहारेकऱ्याचा खुर्चीवर फार जीव. वाटेच्या तोंडाशी जीप शिरू नये म्हणून दोन खांब रोवलेले होते, त्यांच्यामध्ये त्याने टेप धरला आणि आकडा सांगितला. काकांनी टंकले, ‘वाटेची रुंदी चार फूट दोन इंच असल्याने त्याहून रुंद वाहनास प्रवेश नाही.’ साहेबांनी सही केली, आणि दोन खांबांमधले अंतर ही साऱ्या वाटेची रुंदी होऊन बसली.

महिन्याभराने पत्र आले. कपडे शिवणाऱ्या एका बाईंचे होते. अक्षरही टाके घातल्यासारखे, एकाला एक लागून. काकांना ते आता पाठ होते.

‘माझा भाऊ तुमच्या खात्यात मुकादम होता. तळ्याची वाट त्याने बांधली. पुढे ओंडका अंगावर येऊन त्याचे पाय गेले. आम्ही दोन माणसांची एक जुनी जाड टायरांची गाडी घेतली आणि सगळे हाताने चालवता येईल अशी करून घेतली. ती चार फूट सात इंच रुंद आहे. तुमच्या नियमात वाट चार फूट दोन इंच लिहिली आहे. भाऊ म्हणतो, तेवढे अंतर दोन खांबांत आहे, आणि खांब मागाहून आले. वाट सात फूट आहे. कड्याच्या वळणावर तेवढी पाच फूट एक इंच आहे. समोरून घोडा आला तर बाजूला होता यावे म्हणून त्याने दर दोनशे पावलांवर डोंगराच्या अंगाला कोनाडे काढून ठेवले आहेत. ते बावीस आहेत. कृपा करून कोणीतरी जाऊन मोजावे. त्याला एकदा वर जायचे आहे.’

काकांनी उत्तर लिहायला घेतले नव्हते असे नाही. ‘आपल्या पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की’ इथपर्यंत ते दरवेळी झोकात जात. पुढे काय कळवायचे? की एका कारकुनाने वाट न बघताच ती मोजली? कागद फाटत गेले. वर्ष उलटले, तेव्हा वर्षभर उशिरा लिहायची लाज वाटली. दोन वर्षांनी ती दुप्पट झाली. मग पत्र कार्यालयाच्या खणातून घरच्या कपाटात आले, घडीच्या चादरींखाली. कोणी विचारले नाही. रुंदीचा आकडा नियमात होता, आणि नियमात असलेल्या आकड्याकडे कोण कशाला बघतो.

आज सकाळी बायकोनेच चादर ओढताना ते बाहेर काढले आणि त्यांच्या ताटाशेजारी ठेवले. “एकतर या बाईंना उत्तर लिहा,” ती म्हणाली, “नाहीतर जेवायला तरी बोलवा. नऊ वर्षं आपल्या घरात राहतायत, एकदा तोंडओळख होऊ दे.” काकांनी ताट पुढे ओढले. निघताना मात्र पत्र खिशात घातले, आणि का घातले हे त्यांना बस येईपर्यंत उमगले नाही.

दालनात आता मास्तर उभे राहिले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते रोज तळ्यापर्यंत चालत, आणि पायी फिरणाऱ्यांचे पुढारीपण त्यांच्याकडे आपोआप आले होते. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. वर गेले की पानाचा आवाज ऐकू येतो, ते म्हणाले, आणि एक गाडी सोडली की वीस येतील, मग ऐकायला फक्त इंजिने उरतील. घोडेवाल्या बाईंनी सांगितले की घोडा बिथरला तर दरीत जाईल तो घोडा आणि त्याच्यावरचे माणूस, गाडीवाला नव्हे. समोर बसलेल्या गॅरेजवालीने, म्हणजे त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या धिप्पाड बाईने, रुंदीची मर्यादा पाच फूट करा एवढाच हट्ट धरला होता. आमच्या गाड्या काय रणगाडे आहेत का, असे तिने विचारले, आणि मास्तरांनी शांतपणे हो म्हटले.

मॅडम नव्या होत्या, बदली होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी जुनी नियमावली चाळली. वाटच जर चार फूट दोन इंच असेल तर पाच फुटांचा प्रश्नच येत नाही, त्या म्हणाल्या, हा मुद्दा आहे तसाच ठेवू. मग काकांकडे वळून म्हणाल्या, “लिहा. पुढचा मुद्दा.”

काकांनी पेन टेकवले. ‘आहे तसाच’ मधला ‘आ’ त्यांनी काढला. मग त्यांच्या लक्षात आले की आपण उभे राहिलो आहोत. पेन गडगडत मास्तरांच्या बुटापाशी गेले होते, आणि दालनातले सगळे त्यांच्याकडे असे बघत होते जणू भिंतीवरचे घड्याळ खाकरले.

“मॅडम,” ते म्हणाले, “तो आकडा माझा आहे. वाटेचा नाही.”

पुढचे त्यांनी कसे सांगितले हे त्यांनाच नंतर आठवेना. पाच वाजता आलेले साहेब, फोन, पहारेकरी, खांब, सगळे सांगितले. सांगताना मध्येच ‘कळविण्यात येते की’ असेही एकदा निसटले. मग खिशातून पत्र काढले आणि वाचून दाखवले. ‘त्याला एकदा वर जायचे आहे’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

पहिली बोलली ती गॅरेजवाली, आणि तीही नेहमीच्या निम्म्या आवाजात. “शिवणवाल्या मावशी,” ती म्हणाली. “अहो, ती गाडी माझ्याच शेडमध्ये असते. दर रविवारी दोघं येतात. गाडी चालू करतात, माझ्या आवारात बारा चकरा मारतात, डोंगराकडे बघतात नि घरी जातात. मी किती वेळा म्हटलं, अर्ज करा. मावशी म्हणतात, केलाय, उत्तर यायचंय.”

काकांना वाटले, जमिनीने पोटात घ्यावे तर ती हीच वेळ. पण मॅडम त्यांच्याकडे रागाने बघत नव्हत्या. त्या घड्याळाकडे बघत होत्या. अकरा वाजत होते. “टेप आहे का कोणाकडे?” त्यांनी विचारले. “आणि ती गाडी आणता येईल का? चला, मोजूनच टाकू.”

मग एकच गडबड उडाली. खुर्च्या सरकल्या, मास्तरांनी पेन उचलून काकांच्या हातात दिले, घोडेवाल्या बाई मी घोडा घेऊन येते म्हणत निघाल्यासुद्धा. भांडार उघडून पन्नास फुटी टेप निघाला. तासाभरात सारी मंडळी नाक्यावर जमली आणि गॅरेजवाली ती गाडी घेऊन आली. हिरवी होती, टायर कमरेपर्यंत येणारे, दोन जागा शेजारी शेजारी, आणि पायाने दाबायच्या गोष्टींना वर दांडे जोडलेले. आवारापलीकडे न गेलेली गाडी असावी तशी ती लख्ख होती.

पहारेकरी तोच होता आणि खुर्चीही तीच. एक खांब काढायचा म्हटल्यावर त्याच्या तोंडचे पाणी पळाले. या खांबाला मी रोज हात लावून नमस्कार करतो, असे त्याने सांगून पाहिले. गॅरेजवालीने खांबाला साखळी बांधली, खाली जॅक लावला आणि पाच मिनिटांत तो मुळापासून दाढ निघावी तसा वर आला. मॅडमनी काकांकडे बघितले. काकांनी टेप लावला. खांबाच्या पलीकडे, गवत बाजूला करून, या काठापासून त्या काठापर्यंत.

सात फूट.

त्यांनी पुन्हा मोजले. सात फूटच. काका हसले. हे हसू त्यांच्या चेहऱ्याला नवीन होते, आणि ते कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हते.

“बसा,” गॅरेजवाली म्हणाली.

“मी? नको, मी मागून चालत—”

“टेप कोणाच्या हातात आहे, काका?”

ते बसले. गाडी हलली तसे त्यांनी दोन्ही हातांनी दांडा धरला. पहिल्या चढाला आभाळ एकदम समोर आले, आणि काकांना कळले की आपल्याला भीती वाटत नाहीये, आपल्याला मजा वाटतेय. एकोणतीस वर्षे खिडकीच्या चौकटीत चिकटलेला डोंगर असा खडबडीत, वासाचा, दणके देणारा होता तर. मास्तर, मॅडम आणि नाइलाजाने खुर्ची सोडलेला पहारेकरी पुढे चालत होते आणि गाडी त्यांच्या मागून त्यांच्याच चालीने येत होती, कारण मॅडमनी बजावले होते, माणसाच्या पुढे चाक जाणार नाही. दर दोनशे पावलांवर मास्तर हात वर करत, काका उडी मारून उतरत आणि टेप धरत.

“सात फूट दोन.” “सात फूट.” “कोनाडा, मॅडम! हा बघा, पहिला.”

गवताखाली तो होता. डोंगराच्या अंगाला, गाडी नीट मावेल एवढा, तळाला फरशीसारखे बसवलेले दगड. काकांचा आवाज पुढे पुढे चढत गेला. पाचवा, सहावा, सातवा. आपल्या घशात एवढा आवाज होता हे त्यांच्या बायकोलाही खरे वाटले नसते. नवव्याला घोडेवाल्या बाई वरून उतरत येताना दिसल्या, मुद्दाम दुसऱ्या पायवाटेने वर जाऊन आल्या होत्या. सगळे श्वास रोखून उभे राहिले. गॅरेजवालीने गाडी कोनाड्यात घातली आणि इंजिन बंद केले. घोड्याने कान टवकारले, गाडीकडे नाक नेऊन हुंगले, आणि एखादा ओळखीचा माणूस कंटाळवाणा निघावा तसा पुढे निघून गेला.

“इंजिन बंद ठेवलं तर मला चालेल,” घोडेवाल्या बाई वळून म्हणाल्या. “लिहून घ्या हे.”

काकांनी गुडघ्यावर कागद ठेवून लिहिले.

कड्याचे वळण आले. डावीकडे खडक, उजवीकडे काही नाही. मॅडमनी सगळ्यांना मागे उभे केले आणि काकांनी टेप धरला. आकडा वाचायला ते इतके वाकले की चष्मा टेपला लागला.

“पाच फूट,” ते म्हणाले, आणि थांबले. “पाच फूट एक इंच. पत्रात आहे तेवढंच.”

दोन्ही अंगांना तीन तीन इंच. गॅरेजवालीने काकांना उतरायला सांगितले नाही आणि काकाही उतरले नाहीत. टायरखाली एकही खडा हलला नाही. पलीकडे गेल्यावर काकांनी मागे वळून पाहिले तर दरीच्या बाजूची दगडांची रांग एका रेषेत उभी होती, शिवणीसारखी.

तळे दिसू लागले तेव्हा एकवीस कोनाडे झाले होते. बाविसावा सापडेना. मास्तरांनी पावले पुन्हा मोजली, पहारेकऱ्याने काठीने गवत झोडपले, काही नाही. मॅडम म्हणाल्या, एक इकडे तिकडे, काय बिघडले. पण काका गवत चाचपतच राहिले. पत्रात बावीस होते. त्या पत्रातला एकही आकडा आजवर चुकला नव्हता, चुकले होते ते फक्त कार्यालयाचे.

मास्तरांना दम लागला होता. ते नेहमीच्या दगडावर टेकले, आणि गेली अकरा वर्षे मी इथेच बसतो, देवाने माझ्यासाठीच ठेवलाय हा, असे म्हणाले. काकांनी दगडाकडे पाहिले. त्याची कड छिन्नीने सरळ केलेली होती.

“मास्तर,” ते फार संकोचाने म्हणाले, “जरा उठता का?”

मास्तर उठले. मागच्या झुडपात हात घातला तर तिथे भिंत लागली, नीट रचलेली, आणि खाली फरशी. बाविसावा कोनाडा होता तो, आणि त्याच्या तोंडाशी, जड काम करून थकलेल्या कुणी तरी बसायला दगड ठेवला होता. मास्तरांनी त्या दगडावरची धूळ हाताने पुसली. मग त्यांनी मॅडमना सांगितले की आठवड्यातून तीन सकाळी चालतील, चिखल असेल तेव्हा अजिबात नाही, आणि वेग माणसाच्या चालीचा. “आणि त्या मुकादमाला म्हणावं,” ते काकांना म्हणाले, “इथे आला की हाक मार. मी उठून जागा देईन.”

तळ्याच्या काठी सगळे पाणी प्यायले. गॅरेजवाली बोनेटला टेकून उभी होती. काकांनी तिला विचारले, मुकादम गाडी चांगली चालवतो का.

तिने गाडीच्या दांड्यांकडे पाहिले. “चालवायचा,” ती म्हणाली. “काय चालवायचा, काका. ते दांडे मीच बसवले त्याच्यासाठी. पण गेल्या दोन वर्षांत हात थरथरायला लागलेत, धरवत नाही. आता मावशी चालवतात. तो शेजारी बसतो आणि सांगतो, डावीकडं घे, उजवीकडं घे. आवारात वळणं कुठली? पण तो सांगतो.” मग म्हणाली, “मी फोन करू का त्यांना? आत्ताच्या आत्ता?”

“नको,” काका म्हणाले. “त्यांनी पत्र लिहिलंय.”

उतरताना काका सारखे उजवीकडे, चालवणाऱ्याच्या जागेकडे, बघत होते. शेजारची जागा, जिथे ते स्वतः बसले होते, ती आता मुकादमाची होती. चालवणाऱ्याची जागा त्याची होती, तेव्हा काकांनी फक्त टेप घेऊन इथे यायला हवे होते.

चार वाजता मॅडमनी सही केली. ‘पाच फुटांपर्यंत रुंद वाहनास, चिखल नसताना, आठवड्यातून तीन सकाळी, पायी माणसाच्या चालीने, घोडा दिसताच कोनाड्यात थांबून इंजिन बंद.’ कोनाडा हा शब्द नियमात चालेल का, असे मॅडमनी विचारले, आणि काकांनी आयुष्यात पहिल्यांदा वरिष्ठांना सांगितले की तोच चालेल.

मग ते आपल्या टेबलाशी बसले. विजारीवर गुडघ्यापर्यंत माती होती. समोर टंकयंत्र होते, पण त्यांनी दौत ओढली आणि हाताने लिहिले. ‘अनुषंगाने’ लिहिले नाही.

‘आपले पत्र नऊ वर्षांपूर्वी मिळाले. आकडा मी लिहिला होता आणि तो चुकीचा होता. वाट न पाहता लिहिला होता. आज जाऊन मोजले. वाट सात फूट आहे, कड्याच्या वळणावर पाच फूट एक इंच. आपली गाडी तिथून गेली, दोन्हीकडे तीन इंच राखून. खांब काढला आहे. येत्या एक तारखेपासून आपण दोघांनी ठरलेल्या कोणत्याही सकाळी यावे, वारांचा तक्ता सोबत आहे. मुकादमांना सांगावे, कोनाडे बावीसच्या बावीस आहेत. एकही दगड हललेला नाही. जेव्हा त्यांना स्वतःला चालवता येत होते तेव्हा हे उत्तर जायला हवे होते. ते माझ्यामुळे गेले नाही.’

खाली त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. ते लिहायला थोडा वेळ लागला.

जुनी वही फडताळाच्या वरच्या कप्प्यात होती. स्टुलावर चढून त्यांनी ती काढली, धूळ फुंकली, ओळ शोधावी लागली नाही. कोऱ्या रकान्यात त्यांनी आजचा जावक क्रमांक घातला आणि टिपकागद दाबला. शिपायाने हात पुढे केला, द्या काका, उद्याच्या टपालात टाकतो. त्यांनी पाकीट दिले नाही.

कोपऱ्यावरची टपालपेटी साडेपाचला उघडत. पाच पंचवीसला काका रस्त्यावरून जवळजवळ धावत निघालेले पाहून पानपट्टीवाला बाहेर आला. टपालवाला पेटीला किल्ली लावतच होता. माझ्याकडे द्या, तो म्हणाला, थैलीतच टाकतो. काकांनी मान हलवली आणि त्याला एक क्षण थांबायला सांगितले. त्याने किल्ली काढून घेतली आणि तो बाजूला झाला, वाट द्यावी तसा.

काकांनी पाकीट फटीत धरले, पत्ता एकदा वाचला, आणि सोडले.